फोटोग्राफीचा छंद पूर्णवेळ व्यवसाय करायचाय? मग पायरी पायरीने असं जा

पहिल्या वर्षी मी एक साधी वही ठेवली होती. डाव्या पानावर कॅमेरा हातात असलेले तास लिहायचे आणि उजव्या पानावर बाकीचे सगळे, म्हणजे फोनवर बोलणं, कोटेशन पाठवणं, बॅग भरणं, जाणं-येणं, फोटो निवडणं, एडिटिंग, अपलोड, राहिलेल्या पैशांची आठवण करून देणं, हिशेब. वर्ष संपताना बेरीज केली तर डावीकडच्या एका तासामागे उजवीकडे जवळजवळ चार तास निघाले. छंद होता तेव्हा हे उजवं पान नव्हतंच, आणि रेट ठरवताना मी ते धरलंच नव्हतं, त्यामुळे काम भरपूर येत होतं पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नव्हतं. कॅमेरा कुठला घ्यावा हे सांगणारे खूप जण भेटतात, या उजव्या पानाबद्दल फार कमी लोक बोलतात, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

पायरी १: फोटो कोणासाठी काढणार ते ठरवा

"मी सगळ्या प्रकारचे फोटो काढते" असं सांगितलं की समोरच्याच्या काहीच लक्षात राहत नाही. त्याला लग्नाला फोटोग्राफर हवा असतो तेव्हा तो लग्नवाल्याला फोन करतो, प्रॉडक्टचे फोटो हवे असतात तेव्हा प्रॉडक्टवाल्याला, आणि सगळं करणारीचं नाव कुठल्याच वेळी आठवत नाही.

पॅरिसमध्ये एझेन आत्जे नावाचा फोटोग्राफर होऊन गेला, आधी नाटकात कामं करायचा, १८९० च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळला. त्याच्या दारावरच्या पाटीचा अर्थ होता "कलाकारांसाठी दस्तऐवज". झाडं, दरवाजे, जिने, जुन्या गल्ल्या, चित्रकारांना संदर्भासाठी जे जे लागेल त्याचे फोटो काढून तो विकायचा. आज त्याचे फोटो मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, पण त्याची चूल पेटायची ती आपला फोटो कोण विकत घेणार आणि कशासाठी वापरणार हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते.

कामाचे प्रकार बघताना फक्त आवड बघू नका, कामाचा स्वभाव बघा. लग्न आणि समारंभांत एका दिवसात मोठं काम होतं, पण तो क्षण परत येत नाही, चुकलं तर चुकलंच, शिवाय सीझन असतो आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा लवकर येत नाही. पोर्ट्रेटची कामं छोटी, पण एकाच कुटुंबात पुन्हा पुन्हा होतात. प्रॉडक्ट आणि कंपन्यांचं काम दिसायला तितकं रोमांचक नाही, पण एकदा विश्वास बसला की दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो, वीकेंड मोकळा राहतो, मात्र पैसे बऱ्याचदा उशिरा मिळतात. घरं, हॉटेलं, ऑफिसं यांच्या इंटिरिअर शूटमध्ये फोटो एक-दोन दिवसांत द्यावे लागतात आणि उभ्या रेषा सरळ ठेवायची शिस्त लागते.

माझा सल्ला, एक मुख्य काम धरा आणि त्याच्या मंदीच्या महिन्यांत चालेल असं एक जोडकाम ठेवा. सुरुवातीला दोनपेक्षा जास्त नकोच.

पायरी २: नोकरी चालू असतानाच परीक्षा घ्या स्वतःची

छंदात १०० फोटोंपैकी ३ भारी आले की दिवस सार्थकी लागतो, कारण उरलेले ९७ कोणी बघतच नाही. क्लायंटला मात्र वाईट उजेडात, कंटाळलेल्या माणसांसोबत, ठरलेल्या वेळेत काम हवं असतं आणि त्यातले बहुतेक फोटो नीट हवे असतात. हे वेगळं कौशल्य आहे आणि ते घरी बसून येत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी करा. एक, कुठल्या तरी कामात असलेल्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जा, लाइट धरा, बॅगा उचला, माणसांना रांगेत उभं करा, आणि लक्ष त्यांच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगवर ठेवण्यापेक्षा ते लोकांशी कसं बोलतात, उशीर झाला की काय सोडून देतात, आधी कुठले फोटो उरकतात यावर ठेवा. दोन, ओळखीच्या लोकांची आठ-दहा शूट्स खऱ्या कामासारखी करा, म्हणजे वेळ ठरवून, काय हवंय ते लिहून घेऊन, आणि फोटो द्यायची तारीख सांगून ती पाळून. पैसे घेतले नाहीत तरी चालेल पण तारीख पाळायचीच, आणि तास वहीत लिहायचेच.

याच काळात तांत्रिक धडे मिळतात. एक उदाहरण देते. एका ऑफिसच्या कार्यक्रमात माझ्या निम्म्या फोटोंवर काळपट आडवे पट्टे आले, कॅमेरा बिघडला असं वाटून मी घाबरून गेले. नंतर कळलं की दोष दिव्यांचा होता. ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना दिसत नाही पण वेगवान शटरला दिसतं, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरला तर फारच. अशा ठिकाणी १/५० किंवा १/१०० सेकंदाचं शटर ठेवायचं, जिथे वीज ६० हर्ट्‌झची आहे तिथे १/६० किंवा १/१२०, आणि सायलेंट मोड बंद. हे पैसे घेतलेल्या कामात कळण्यापेक्षा सरावाच्या शूटमध्ये कळलेलं बरं.

पोर्टफोलिओत २० ते २५ फोटो पुरे. आणि फक्त तेच फोटो ठेवा ज्याचं काम तुम्हाला हवंय, कारण लोक जे बघतात तेच मागतात. तुमचा सगळ्यात लाडका सूर्यास्त तिथून काढावा लागेल, वाईट वाटतं पण काढा.

पायरी ३: सामान कमी घ्या, पण दोन-दोन घ्या

नवीन लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथे अडकतात. व्यवसायासाठी सामान घेताना पहिला प्रश्न "ऐन शूटच्या मधे हे बंद पडलं तर?" असा विचारायचा. म्हणून एक महागडी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेण्यापेक्षा दोन मध्यम बॉडी बऱ्या, त्यातली एक सेकंड हँड चालेल. मुख्य बॉडीत दोन कार्ड स्लॉट हवेतच आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी तोच फोटो जाईल असं सेटिंग ठेवायचं. बॅटऱ्या, फ्लॅश, कार्ड, सगळ्याचा एक जादा.

लेन्समध्ये ५० एमएम एफ १.८ सारखी साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो) बऱ्याच कंपन्यांची सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि कमी उजेडात ती एफ ४ च्या झूमपेक्षा दोनपेक्षा जास्त स्टॉप उजेड देते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे जवळजवळ पाच पट. सुरुवात त्याने करा. मोठी टेलिफोटो, मॅक्रो, भारी लाइट्स भाड्याने आणा आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा. एखादी वस्तू वारंवार भाड्याने आणावी लागतेय असं वहीत दिसायला लागलं की मगच विकत घ्यायचा विचार करा.

सेकंड हँड बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय ते बघा, बऱ्याच मॉडेलांचं मेकॅनिकल शटर एक ते दोन लाख वेळांसाठी चाचणी केलेलं असतं, अगदी वरच्या मॉडेलांचं त्याहून जास्त. एका मोठ्या समारंभात सहज २-३ हजार फोटो निघतात, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका लांब नसतो. कॅमेऱ्याचा विमा काढताना तो व्यावसायिक वापरासाठी लागू आहे का ते नीट वाचून घ्या, घरगुती विम्यात बऱ्याचदा असा वापर धरलेला नसतो.

पायरी ४: रेट ठरवा, आणि इथे घाई करू नका

बाकीचं सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, हे मात्र कागद-पेन घेऊन करा.

बहुतेक नवीन लोक रेट कसा ठरवतात? ओळखीचा कोणी किती घेतो ते विचारतात आणि त्यापेक्षा थोडं कमी सांगतात. त्या माणसाचा खर्च काय, त्याच्याकडे दुसरं उत्पन्न आहे का, त्याला तरी परवडतंय का, यातलं काहीच माहीत नसतं. चुकीच्या आकड्यातून थोडं वजा करून अजून चुकीचा आकडा तयार होतो.

त्याऐवजी वर्षापासून सुरू करा. तुमच्या घराला वर्षभर लागणारा पैसा म्हणजे १०० धरू, चलन कुठलंही असो. आता व्यवसायाचा खर्च मांडा, सामानाची झीज, दुरुस्ती, सॉफ्टवेअर, प्रवास, विमा, हार्ड डिस्क, वेबसाइट, हे समजा ४०. कर आणि थोडी शिल्लक मिळून अजून २०. झाले १६०.

आता दिवस. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले ६ आजारपण, सुट्टी, घरची कामं यात जातील, राहिले ४६. आठवड्याचे ५ दिवस धरले तर २३० दिवस. त्यातला दर आठवड्याचा एक दिवस हिशेब, जाहिरात, ईमेल यात जाणार, म्हणजे १८४. एका दिवसाच्या शूटमागे अर्धा दिवस बोलणं आणि तयारी, एक दिवस शूट, दोन दिवस निवड आणि एडिटिंग, अर्धा दिवस डिलिव्हरी, असे एकूण चार दिवस जातात. १८४ भागिले ४, म्हणजे वर्षाला फार फार तर ४६ शूट्स. आणि पहिल्या वर्षी कॅलेंडर पूर्ण भरत नाही हो कोणाचं, ६० टक्के भरलं असं धरू, मग राहिली साधारण २८.

१६० भागिले २८, म्हणजे एका शूटला ५.७ मिळायला हवेत. आणि जो माणूस "वर्षात १०४ शनिवार-रविवार, घरखर्च १००, म्हणजे एका दिवसाचे १ घेतले तरी भागेल" असा हिशेब करतो तो जवळजवळ सहा पट कमी सांगतोय! तो आळशी नसतो, उलट मरमर काम करत असतो, तरीही दोन वर्षांत दमून सोडून देतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले कितीतरी जण माझ्यापेक्षा चांगले फोटो काढायचे.

एडिटिंगचे दोन दिवस जास्त वाटत असतील तर मोजून बघा. ३००० फोटो, प्रत्येकावर फक्त ३ सेकंद, तरी निवडायलाच अडीच तास. त्यातले ६०० ठेवले आणि प्रत्येकाला दीड मिनिट दिलं तर १५ तास. झाले की दोन दिवस.

आलेला आकडा बाजारात चालणार नाही असं वाटलं तर रेट पाडण्याआधी दिवस कमी करता येतात का ते बघा. शूटवर कमी फोटो काढा, किती फोटो देणार तो आकडा आधीच ठरवा, प्रीसेट म्हणजे एका क्लिकवर लागू होणारी एडिटिंगची ठरलेली सेटिंग्ज बनवा, एकसारख्या उजेडातले फोटो एकत्र एडिट करा. एका फोटोमागची मेहनत कमी केली की धंदा बदलतो हे फार जुनं आहे, डिस्देरी नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोटी पोर्ट्रेट्स घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि जे पोर्ट्रेट श्रीमंतांपुरतं होतं ते मध्यमवर्गाच्या घरात पोचलं.

ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहा आणि खाली सवलत वजा करून दाखवा. नाहीतर तोच आकडा त्यांच्या ओळखीच्यांपर्यंत तुमचा रेट म्हणून पोचतो.

पायरी ५: लिहून घ्या, अगदी मैत्रिणीचं काम असलं तरी

माझं एक काम केवळ "अजून थोडं बदल ना" या वाक्यामुळे चार महिने चाललं. चूक त्यांची नव्हती, किती वेळा बदल करून देणार हे मी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून एका पानाचा करार असतोच: तारीख, वेळ, जागा, किती फोटो, कधी मिळणार, बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे, ॲडव्हान्स किती, रद्द झालं तर काय, आणि मी स्वतः आजारी पडले तर काय. कच्चे रॉ फोटो, म्हणजे एडिट न केलेल्या कॅमेऱ्यातल्या मूळ फायली, देणार की नाही हेही लिहा, हा प्रश्न हमखास येतो. ॲडव्हान्स आल्याशिवाय तारीख पक्की झाली असं म्हणू नका आणि शेवटचा हप्ता फोटो सोपवायच्या आधी घ्या.

कॉपीराइटचं थोडक्यात सांगते. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत, आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत, फोटोवर हक्क मिळायला नोंदणीची अट नसते, तो फोटो तयार झाला की आपोआप येतो. पण पगारावर किंवा ऑर्डरवर काढलेल्या फोटोंचा हक्क कोणाचा हे देशागणिक बदलतं, त्यामुळे आपल्या इथला कायदा एकदा जाणकाराकडून समजून घ्या आणि करारात स्पष्ट लिहा. कंपनीच्या कामात तर फोटो कुठे आणि किती काळ वापरणार ते लिहायलाच हवं. एका कंपनीने वेबसाइटसाठी म्हणून घेतलेले माझे फोटो मोठ्या होर्डिंगवर लावले, आणि माझ्याकडे लेखी काही नसल्यामुळे मला गप्प बसावं लागलं. आणि लोकांचे चेहरे जाहिरातीत वापरायचे असतील किंवा तुमच्या पेजवर टाकायचे असतील तर त्यांची लेखी संमती घ्या, लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची.

पायरी ६: फायली सांभाळा

३-२-१ हा नियम पाठ करा. फोटोंच्या ३ कॉपी, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. दोन हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील आणि घरात पाणी शिरलं तर दोन्ही जातात. तिन्ही कॉपी झाल्याची खात्री होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

दोन कॅमेरे वापरत असाल तर शूटच्या आधी दोन्हींची घड्याळं जुळवा, नाहीतर निवडताना फोटोंचा क्रम विस्कटतो आणि तास वाया जातात. रॉ मध्येच शूट करा, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४, चुकलेलं एक्स्पोजर सावरायला याचा केवढा आधार असतो. देताना मात्र जेपेग एसआरजीबी प्रोफाइलमध्ये द्या, म्हणजे बहुतेक स्क्रीन ज्या रंगपद्धतीवर चालतात तिच्यात, दुसऱ्या प्रोफाइलमधले फोटो बऱ्याच स्क्रीनवर फिके दिसतात आणि क्लायंटला वाटतं एडिटिंगच वाईट झालंय. प्रिंटबद्दल विचारलं तर २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, साधारण २० बाय १३ इंच. सॉफ्टवेअरसाठी लाइटरूमचे पैसे सुरुवातीला जड वाटत असतील तर डार्कटेबल फुकट आहे आणि चांगलं आहे, शिकायला मात्र वेळ लागतो.

पायरी ७: काम मिळवणं

इथे फार लांबण लावत नाही. फोनला आणि मेसेजला लवकर उत्तर द्या, माझी कितीतरी कामं फक्त मी पहिली उत्तर दिलं म्हणून मिळालीत. फोटो दिल्यावर दोन आठवड्यांनी एक फोन करा, फोटो नीट उघडले का, प्रिंट केले का, आणि त्याच वेळी अजून कोणाला गरज असेल तर नाव सुचवा असं सरळ सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याच क्षेत्रातल्या तीन-चार फोटोग्राफरशी चांगली ओळख ठेवा, त्यांची तारीख भरलेली असली की ते तुम्हाला काम देतात, तुमची भरली की तुम्ही त्यांना, आणि एखाद्या दिवशी तापाने फणफणलात तर तुमच्या जागी उभं राहणारं माणूसही तिथूनच मिळतं. "फुकट करा, प्रसिद्धी मिळेल" या कामांना नम्रपणे नाही म्हणा. फुकट काम करायचंच असेल तर ज्या संस्थेबद्दल तुम्हाला आतून वाटतं तिच्यासाठी तुम्ही स्वतःहून जा.

पायरी ८: नोकरी कधी सोडायची

तीन गोष्टी जुळल्या की. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे आणि तो सामानावर उडवायचा मोह तुम्ही आवरलाय. मंदीच्या महिन्यांसकट सलग १२ महिन्यांची व्यवसायाची नोंद हातात आहे, एका चांगल्या सीझनवर विश्वास ठेवू नका. आणि वेळ नाही म्हणून कामं परत पाठवावी लागतायत, कारण नोकरी सोडून मिळणारी गोष्ट म्हणजे वेळ, गिऱ्हाईकं नाहीत. जमत असेल तर मधला टप्पा घ्या, आठवड्याचे तीन दिवस नोकरी किंवा कंत्राटी काम, मी सात महिने तसं केलं आणि रात्री शांत झोप लागायची.

व्यवसायाचं बँक खातं त्याआधीच वेगळं करा आणि आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा भाग त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. स्वतःला महिन्याला ठरावीक पगार द्या, चांगल्या महिन्यातही तेवढाच. घरच्यांसोबत बसून सीझनच्या वीकेंडचं बोलून घ्या, तुम्ही नसणार आहात हे त्यांना कॅलेंडरवर दिसू द्या. कंबर आणि मनगटाकडे लक्ष द्या, दोन बॉडी गळ्यात अडकवून दहा तास उभं राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे, खांद्यावर वजन वाटून घेणारा हार्नेस मी तरी पहिल्या सहा महिन्यांतच घ्यायला हवा होता.

आणि पूर्णवेळ झाल्यावर महिन्यातला एक दिवस, शक्यतो आठवड्याच्या मधला, स्वतःच्या फोटोंसाठी कॅलेंडरमध्ये क्लायंटच्या तारखेसारखाच पक्का लिहून टाका. मी त्या दिवशी एकच बॉडी आणि ती जुनी ५० एमएम घेऊन निघते, फोन घरी ठेवते, आणि त्या दिवशी कोणी शूट मागितलं तर तारीख भरलेली आहे असंच सांगते.